कंडक्टरकाकांचे ६४ रुपये

पत्र, थोडं कापून:

"मॅडम, मी ३१ वर्षांची. मुलुंडला राहते. बीएएसएलपी, मग एमएएसएलपी (वाचा-श्रवणदोषांवरच्या पदव्या) केलं आणि गेली सहा वर्षं स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करतेय. माझे बहुतेक पेशंट पॅरालिसिसचा झटका येऊन वाचा गेलेले असतात. गेल्या वर्षी एक काका आले, बेस्टमधून रिटायर झालेले कंडक्टर. चमचा दाखवला तर 'चमचा' म्हणता येत नाही, 'दहा' म्हणता येत नाही, 'हो'च्या जागी 'नाही' येतं. एकदा सहज खेळ म्हणून मी कागदावर ३६ लिहिलं, त्यांच्या हातात शंभराची नोट दिली आणि नोटा-नाण्यांचा डबा पुढे केला. काकांनी ६४ रुपये परत दिले. मी आकडे बदलून पाहिले. दर वेळी बरोबर. त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही, की शब्दच नाहीत तर हा माणूस विचार कशात करतो? वाचायला लागले तेव्हा कळलं की असे प्रश्न घेऊन बसणं हा काही लोकांचा पेशाच आहे. फिलॉसॉफी ऑफ माइंड म्हणजे मनाचं तत्त्वज्ञान, आणि कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे मन कसं चालतं याचं शास्त्र. नोकरी सोडून तत्त्वज्ञानात एमए, मग पीएचडी करावी असं वाटतंय. नवरा म्हणतो, कर. बाबा म्हणतात, तत्त्वज्ञान करून खाणार काय? आमच्या सिनियर मॅडम हसल्या, 'आता प्रवचनं करणार का?' म्हणाल्या. मुलगा चार वर्षांचा आहे. उशीर झालाय का? सोडू का नोकरी? मला 'तू' म्हणालात तरी चालेल."

'तू'च म्हणते. अठ्ठावीस वर्षं तत्त्वज्ञानाच्या वर्गात म्हणत आले, आता ती सवय मोडायची नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. "मी आकडे बदलून पाहिले." बाकीचं, म्हणजे नवरा, बाबा, हसणाऱ्या सिनियर, हे माझ्या लेखी नंतरचं. उत्तर बरोबर आलं की "वा काका!" म्हणून पुढच्या पेशंटकडे वळणारी माणसं पुष्कळ. तू आकडे बदललेस, कारण ३६ला ६४ ही जोडी काकांना नुसती पाठ असेल अशी तुला शंका आली. ही शंका ज्यांना येते त्यांनाच या विषयात पुढे मजा येते.

उत्तर आधी सांगून टाकते, म्हणजे धाकधुकीत वाचणार नाहीस. एमए कर. नोकरी सोडू नकोस, हवं तर दिवस कमी कर. पीएचडीचं आज ठरवू नकोस. आणि नोकरी सोडू नकोस म्हणते त्याचं कारण बाबांच्या मनात आहे ते नव्हे. म्हणजे तेही आहे, पण दुसऱ्या नंबरवर.

आता काकांकडे येऊ. तू लिहिलं नाहीस, की त्यांनी ते ६४ रुपये कोणत्या क्रमाने दिले.

हसू नकोस. कोपऱ्यावरचा वाणी सुट्टे परत देताना काय करतो ते उद्या बघ. तो बहुधा वजाबाकी करतच नाही, ३६पासून वर चढत जातो. दोन-दोनची दोन नाणी, झाले चाळीस. दहाची नोट, झाले पन्नास. पन्नासची नोट, झाले शंभर. '६४' हा आकडा त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही, तरी गल्ल्यातून ६४ बरोब्बर बाहेर पडले. काकांनी उभा जन्म हलत्या बसमध्ये, एका काखेत तिकिटांची पेटी आणि खांद्याला चामड्याची पिशवी अडकवून हेच केलंय. तेव्हा तू पाहिलास तो विचार होता, की बोटांत मुरलेली सवय? पण समजा काकांनी आधी पन्नासची नोट काढली, मग दहाची आणि शेवटी नाणी, तर मामला बदलतो. मग अख्खे ६४ कुठेतरी, कसल्यातरी रूपात, आधीच तयार होते असं म्हणायला जागा होते. आणि तिसरी शक्यता तुझ्या क्षेत्रातली आहे: वाचा ओठांवरून गेली असेल, आतून गेली नसेल. काका मनातल्या मनात "छत्तीस... चाळीस..." म्हणतही असतील. ते तपासायचं कसं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना ऐकलेलं किती समजतं, लिहिलेलं किती वाचता येतं, हे सगळं तुझ्या फायलीत असणार.

एका डब्यातली चिल्लर आणि तिचे तीन अर्थ. मनाच्या तत्त्वज्ञानात काम करणारी माणसं दिवसभर हेच करतात. कुणीतरी मेहनतीने केलेला प्रयोग घ्यायचा, त्यातून काढलेला निष्कर्ष घ्यायचा आणि विचारायचं, की याला 'विचार' म्हणायचं असेल तर आणखी काय काय खरं असावं लागेल? मग ते पंधरा-वीस पानांत लिहायचं, जर्नलकडे पाठवायचं, सहा-आठ महिन्यांनी नकार घ्यायचा, दोन अनोळखी परीक्षकांच्या शेऱ्यांवर आठवडाभर चरफडायचं आणि पुन्हा लिहायला बसायचं. ध्यानस्थ बसण्याचा भाग यात फार थोडा आहे. तुझ्या सिनियर मॅडमना एवढं सांगितलंस तरी पुरे.

तुझ्या काकांसारख्या तिघांवर २००५मध्ये वाचादोषांच्या संशोधक रोझमेरी व्हार्ली आणि सहकाऱ्यांनी एक निबंध लिहिला होता. तिघेही पुरुष, मेंदूच्या डाव्या बाजूला मोठी इजा, व्याकरण पार कोलमडलेलं. 'माणसाने सिंहाला मारलं' आणि 'सिंहाने माणसाला मारलं' अशा धाटणीच्या वाक्यांत कोण मेला हे त्यांना सांगता येईना. पण ५९मधून १३ वजा करणं आणि १३मधून ५९ वजा करणं यांतला फरक त्यांना कळत होता. कंसांची गणितंही ते सोडवत होते. म्हणजे मांडणी उलटली की अर्थ उलटतो ही समज आकड्यांत शाबूत, वाक्यांत गेलेली. २०२४मध्ये मेंदूशास्त्रज्ञ एव्हेलिना फेडोरेन्को आणि दोन सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये अशा सगळ्या पुराव्यांची मोट बांधली आणि सरळ म्हटलं, की भाषा हे मुख्यतः एकमेकांना सांगण्याचं साधन आहे, विचार करण्याचं नव्हे. गणित करताना, कोडी सोडवताना मेंदूतलं भाषेचं जाळं फारसं जागंच होत नाही, हा त्यांचा एक मोठा आधार. त्याच्या कितीतरी आधी, १९७५मध्ये, जेरी फोडर या तत्त्वज्ञाने मांडलं होतं की विचाराला स्वतःचीच एक आतली भाषा असते आणि ती मराठीही नसते, इंग्रजीही नसते.

आणि त्याच्याही दीड हजार वर्षं आधी आपल्याकडे व्याकरणकार आणि तत्त्वज्ञ भर्तृहरी ठणकावून गेला होता: "न सोऽस्ति प्रत्ययो लोके यः शब्दानुगमादृते." शब्दाच्या सोबतीवाचून जगात एकही ज्ञान होत नाही. पहिल्यांदा वाटेल, संपलं, काकांनी भर्तृहरीला ६४ रुपयांत खोटा पाडला. पण थांब. भर्तृहरीचा 'शब्द' म्हणजे तोंडातून निघालेला आवाज एवढाच नाही. तो वाणीच्या तीन पायऱ्या सांगतो: वैखरी, म्हणजे उच्चारलेली; मध्यमा, म्हणजे आत मांडलेली पण न उच्चारलेली; आणि पश्यन्ती, जिथे शब्द आणि अर्थ अजून वेगळे झालेलेच नाहीत. काकांची वैखरी गेली, हे तर दिसतंच आहे. मध्यमा गेली का? आणि ती जाऊनही ६४ येत असतील, तर ते पश्यन्तीतून आले असं भर्तृहरीचा चेला म्हणेल. तेव्हा मी त्याला विचारीन, "बाबा रे, मग तुझं मत खोटं पाडायला जगात काय घडावं लागेल, ते सांग." तो गप्प बसला तर मी जिंकले. तो म्हणाला की अमुक प्रकारचा पेशंट दाखवा, तर मी तुला फोन लावीन.

दुसऱ्या बाजूला बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नाग आहे. त्याच्या मते प्रत्यक्ष ज्ञान हे 'कल्पनापोढ', नाव-जात चिकटवण्याच्या आधीचं. चमचा दिसतो; 'चमचा' हे नंतरचं. चमचा हातात दिल्यावर काका तो तोंडाकडे नेतात की केसांतून फिरवतात, याची नोंद तुझ्याकडे असेलच. दिङ्नागाला ती नोंद वाचायला फार आवडली असती.

मी वाहवत चाललेय. तू विचारलं होतंस नोकरीचं.

तर ऐक. भारतात 'फिलॉसॉफी ऑफ माइंड पाहिजे' अशी जाहिरात जवळजवळ निघतच नाही. जाहिरात असते 'तत्त्वज्ञान, एक जागा'. ती मिळाली तर सकाळी एफवायच्या मुलांना तर्कशास्त्र शिकवायचं, मग नीतिशास्त्र, मग भारतीय दर्शनं, आणि मन हा विषय कुठल्यातरी पेपरच्या एका युनिटमध्ये पंधरा तासांपुरता भेटणार. जागा कायम असेल तर पैशांची तक्रार नाही. सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार ५७,७०० रुपयांपासून सुरू होतो, वर महागाई भत्ता वगैरे. गोम 'कायम असेल तर' या तीन शब्दांत आहे. त्याच्या आधी सीएचबीचा रस्ता लागतो. तासिका तत्त्वावर, घेतले तेवढ्या तासांचे पैसे.

माझंच सांगते. नऊ वर्षं मी अशी काढली. सकाळी सेंट्रलवरच्या एका कॉलेजात तास, दुपारी वेस्टर्नवरच्या दुसऱ्या, दादरचा पूल रोज दोनदा. डबा बहुतेक वेळा प्लॅटफॉर्मवर उभ्याने खाल्ला. मे महिन्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही याची खात्री नाही. कायम झाले तेव्हा अडतीस वर्षांची होते. रिटायर झाले तर माझी जागा भरलीच नाही. मुलं कमी म्हणून विषयच हळूहळू गुंडाळला. मनात अढी नाही असं म्हणणार होते, पण आहे थोडी. बाबांना हे सगळं वाचून दाखव. त्यांचा प्रश्न खुळा नाही, आणि ज्या घरात तो विचारला जात नाही त्या घरातली मुलं जास्त फसतात असं मी पाहिलंय.

पूर्वी निदान एखादा शेठजी तरी असायचा. १९१६मध्ये अमळनेरला गिरणीमालक प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभारलं, आणि विद्वानांनी तिथे राहून विचार करावा, लिहावं, याची सोय केली. खानदेशातल्या एका गिरणीच्या नफ्यावर वेदान्ताची चर्चा चालली, यात मला अजून गंमत वाटते. आता शेठजींच्या जागी यूजीसी आहे. तिच्या नेट या पात्रता परीक्षेत वर आलीस तर ज्युनियर रिसर्च फेलोशिप, महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. तिला वयाची अट ३० आहे, पण स्त्रियांना पाच वर्षांची सवलत मिळते. म्हणजे तुझ्या 'उशीर झालाय का'चं उत्तर आकड्यात हवं असेल तर तुझ्याकडे साधारण चार वर्षं आहेत. एमएच्या शेवटच्या वर्षाला असतानाच नेट देता येते. नुसतं शिकवण्यापुरतं पात्र व्हायचं तर आपल्या राज्याची सेटही आहे, पुणे विद्यापीठ घेतं ती. आणि आयआयटीच्या वाटेने जायचं असेल तर गेट या प्रवेश परीक्षेत २०२१पासून मानव्यविद्यांचा वेगळा पेपर आहे, त्यात तत्त्वज्ञान घेता येतं.

परदेशाचं तू विचारलं नाहीस, मीही लांबण लावत नाही. अमेरिकेत पीएचडीला पाच-सहा वर्षं फी माफ आणि वर विद्यावेतन असतं, चुरस भयंकर असते, आणि डिग्री हातात आल्यावर तिथेही जागांची मारामारीच आहे. चार वर्षांच्या मुलाला घेऊन हे करणाऱ्या बायका आहेत. आज हा विचार करू नकोस.

आता नोकरी न सोडण्याचं पहिलं कारण.

या विषयात नुसत्या तत्त्वज्ञानाच्या डिग्रीवर उभं राहता येत नाही. पोट भरत नाही हे झालंच, पण प्रश्नही हलत नाहीत. पॅट्रिशिया चर्चलंड कॅनडातल्या विनिपेगला तत्त्वज्ञान शिकवत होती. तिला वाटायला लागलं की मेंदू न बघता मनावर बोलणं म्हणजे नकाशा न उघडता वाट सांगणं. मग ती तिथल्या मेडिकल कॉलेजात जाऊन बसली, शवविच्छेदनाला उभी राहिली, न्यूरॉलॉजिस्टांबरोबर पेशंट पाहिले. त्यातून १९८६चं तिचं पुस्तक आलं आणि 'न्यूरोफिलॉसॉफी' हा शब्द रूढ झाला. जाणिवेवर लिहिणारा तत्त्वज्ञ डेव्हिड चॅल्मर्स मुळात गणिताचा विद्यार्थी, मग इंडियानाला जाऊन तत्त्वज्ञान आणि कॉग्निटिव्ह सायन्स अशी जोड पीएचडी केली. ज्यांची नावं आज आपण घेतो त्यांतल्या कितीतरी जणांचा दुसरा पाय असा दुसऱ्या कुठल्यातरी विद्येत रोवलेला आहे. कुणाचा गणितात, कुणाचा संस्कृतात, कुणाचा प्रयोगशाळेत.

चर्चलंडबाईंना पेशंटच्या खाटेपर्यंत जायला मुद्दाम वाट काढावी लागली. तू तिथे आधीच उभी आहेस. तत्त्वज्ञानाच्या एमएला तुझ्या बाकावर जी मुलं बसतील त्यांना फोडर तुझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण ती बावीस वर्षांची असतील आणि त्यांना घरी जाऊन कुकर लावायचा नसेल. पण वाचा गेलेला माणूस त्यांनी जवळून पाहिलेला नसेल. तू क्लिनिक सोडून आलीस तर त्यांच्यासारखीच एक होशील, फक्त नऊ वर्षांनी मोठी.

मुंबईत हे करायला मुलुंड तशी सोयीची जागा आहे. कुर्ल्याला उतरून पश्चिमेला बस धरलीस की कलिना. तिथे मुंबई विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग आहे आणि जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे. एमए तिथेच करावंस असं मला वाटतं, कारण माणसांशी वाद घातल्याशिवाय हा विषय अंगात भिनत नाही. वेळेचं गणित बसलंच नाही तर इग्नूचं दूरशिक्षणाने एमए आहे, दोन वर्षांचं चार वर्षांत पुरं करता येतं. पण मग वाद घालायला माणूस स्वतः शोधावा लागेल. कांजूरमार्गला उतरलीस की पवई. आयआयटीच्या मानव्यविद्या विभागात तत्त्वज्ञानात पीएचडी होते. तिथली जाहीर व्याख्यानं गाठायला सुरुवात आत्ताच कर, मागच्या बाकावर बसून ऐक. आणि कुर्ल्याहून हार्बर धरलीस की मानखुर्द, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, टीआयएफआरचं. विज्ञान-गणित शिकताना माणसाचं मन कसं चालतं यावर तिथे संशोधन होतं, त्यात कॉग्निटिव्ह सायन्सची माणसं आहेत. आकडे आणि शब्द यांचं नातं हा तुझा प्रश्न तिथे कुणाला परका वाटणार नाही.

मुंबईबाहेर जायची तयारी झाली तर निव्वळ कॉग्निटिव्ह सायन्सचे विभाग आयआयटी कानपूरला आणि गांधीनगरला आहेत, अलाहाबाद विद्यापीठाचं केंद्र २००२पासून आहे, हैदराबाद विद्यापीठातही आहे. तिथे तुझी एमएएसएलपी आडवी येणार नाही, उलट कामाला येईल. म्हणूनच म्हणते, पीएचडी तत्त्वज्ञानात की कॉग्निटिव्ह सायन्समध्ये हे आज ठरवू नकोस. मात्र कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचं डोक्यात असेल तर त्या विषयातली एमए लागतेच, ५५ टक्क्यांनी.

धीर किती लागतो, त्याचा एक किस्सा सांगते. १९९८मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेनला ख्रिस्तोफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने याच चॅल्मर्सशी पैज मारली, की पंचवीस वर्षांत मेंदूत जाणिवेची खूण सापडेल. २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत कॉखने भर स्टेजवर हार कबूल करून वाइनच्या बाटल्या दिल्या. पंचवीस वर्षं, दोन नामांकित माणसं, आणि निकाल काय, तर अजून नाही. शुक्रवारपर्यंत काहीतरी 'डिलिव्हर' झालंच पाहिजे अशी ज्यांना सवय आहे त्यांचा इथे जीव घुसमटतो. तुला सहा-सहा महिने एका 'चमच्या'साठी थांबायची सवय आहे, हे तुझ्या बाजूचं.

भाषेचं एक राहिलं. तुला इंग्रजीतच लिहावं लागेल, त्याला इलाज नाही. पण विचार मराठीत करून बघत जा. इंग्रजीत 'कॉन्शसनेस' हा एकच शब्द दहा ठिकाणी राबवतात आणि मग त्याचे प्रकार पाडत बसतात. आपल्याकडे डॉक्टर विचारतो "शुद्धीवर आहेत का?", आई ओरडते "भान कुठे आहे तुझं?", आणि भांडणात कुणीतरी म्हणतं "जाणीव ठेव जरा". शुद्ध असून भान नसतं, भान असून जाणीव नसते. तुझे पेशंट बहुतेक शुद्धीवर असतात. भानाचं आणि जाणिवेचं काय, यावर तुझ्या रोजच्या नोंदींतून एक निबंध निघेल. मे. पुं. रेगे दादरच्या कीर्ती कॉलेजात शिकवत असताना मराठीत तत्त्वज्ञान लिहीत राहिले, त्यामुळे ही भाषा त्या कामाला पुरते का या शंकेत वेळ घालवू नकोस. शब्द अडला तर वाडेकरांनी संपादलेला १९७४चा मराठी तत्त्वज्ञान महाकोश तीन खंडांत आहे, जुन्या लायब्रऱ्यांत मिळतो.

एक ताकीद. काकांबरोबर तू केलंस तो खेळ होता, तोवर ठीक. पण त्यावर कुठे लिहायचं, बोलायचं मनात असेल तर आधी तुझ्या संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी आणि काकांच्या घरच्यांची लेखी संमती. आणि काकांचीही. 'हो'च्या जागी 'नाही' म्हणणाऱ्या माणसाची संमती घ्यायची कशी, हा स्वतःच या विषयातला एक प्रश्न आहे, आणि मला विचारशील तर ६४ रुपयांपेक्षा अवघड. तुमच्याकडे चित्रांचे तक्ते असतात ना, त्यांचा उपयोग होईल का बघ.

फॉर्म भरायच्या आधी एवढं कर. दोन शनिवार मोकळे ठेव. मुलाला बाबांकडे सोपव, म्हणजे त्यांनाही या भानगडीत थोडा वाटा मिळेल. आणि दीड हजार शब्द लिही: 'काका विचार करत नव्हते, ती सवय होती.' हो, तुला पटत नाही तीच बाजू. ती इतकी भक्कम मांड की तुझी तुलाच धास्ती वाटली पाहिजे. स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश ऑनलाइन फुकट आहे, त्यातली फोडरच्या कल्पनेवरची नोंद आधी वाच. जड जाईल, दुसऱ्या वाचनात निम्मी कळेल. लिहिताना चौथ्या पानावर कंटाळा आला आणि क्लिनिकची आठवण यायला लागली, तर तुला हवा आहे तो कामातून बदल, आणि त्यासाठी महिनाभराची रजा पुरेल. त्यातही काही वाईट नाही. पण रात्री अकराला दिवा मालवल्यावर पुन्हा उठून एक वाक्य बदललंस, तर कलिन्याचा फॉर्म भर.

लिहून झालं की मला पाठव. लाल पेनाने परत करीन, गोड बोलणार नाही. आणि काका अजून येत असतील तर पुढच्या खेपेला डब्यात दोन-दोनची नाणी भरपूर ठेव, शंभराची नोट दे, आणि आधी नाणी निघतात की पन्नासची नोट, तेवढं बघून कळव.